आईची हातचावी

माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी सगळ्यांना भाकरी थापायला लावते. पीठ नाही, परात नाही, नुसती हवेत. सांगलीतले निवृत्त मास्तर, हळदीचे व्यापारी, नव्याने पगार सुरू झालेल्या नर्स असे सगळे माझ्याकडे क्रिप्टो शिकायला येतात, आणि पहिल्याच तासाला ही बाई आपली थट्टा करतेय की काय म्हणून एकमेकांकडे बघतात. पुरुषांचे हात अडतात. बायकांचे सरळ चालू लागतात. मग मी त्या बायकांना विचारते, एका भाकरीला तुमचा हात किती वेळा फिरतो? कड जाड राहिलीय हे कुठलं बोट आधी ओळखतं? एकीलाही सांगता येत नाही. मी म्हणते, झालं तर मग, हातचावी म्हणजे हेच. जे हाताला येतं आणि तोंडाला येत नाही, ते चोराला सांगणार कसं?

पूर्वी वॉलेटची चावी म्हणजे बारा शब्द असत. कागदावर लिहायचे, तांदळाच्या डब्यात लपवायचे, फोटो काढायचा नाही, कुणाला वाचून दाखवायचे नाहीत. नियम सोपे होते. पण फोनवर लेकाच्या आवाजात कुणीतरी रडायचं, "आई, अडकलोय गं, ते शब्द सांग," आणि आई सांगून मोकळी व्हायची. आवाज यंत्राने बनवलेला असायचा आणि खरा लेक शेजारच्या खोलीत क्रिकेट बघत असायचा. अशी किती घरं बसली त्याला गणतीच नाही. त्यानंतर हातचावी आली.

तिचं शास्त्र जरा सावकाश सांगते. मेंदूत आठवणींची एक जागा अशी असते, जिथलं आपल्याला सांगता येतं: काल काय जेवलो, बहिणीचं लग्न कुठल्या हॉलमध्ये झालं. दुसरी जागा खोल, तळाशी असते. तिथे सायकल असते, पोहणं असतं, साडीच्या निऱ्या असतात. तिथलं सांगता येत नाही, करून दाखवता येतं. या दुसऱ्या जागेत चावी ठेवायची युक्ती शास्त्रज्ञांनी शोधली. सहा बटणांची एक पाटी असते. समोरच्या पडद्यावर वरून दिवे घरंगळत येतात, दिवा तळाला पोचला की त्याखालचं बटण दाबायचं. पोरांचा खेळच म्हणा. पण त्या दिव्यांच्या गर्दीत एक क्रम पुन्हा पुन्हा येत राहतो. तो यंत्राने फासे टाकल्यासारखा काढलेला असतो, प्रत्येकाचा वेगळा. तो आपल्या लक्षात येत नाही, पण हाताच्या येतो. काही बैठकांनंतर त्या क्रमावर बोटं केसभर लवकर पडू लागतात. पुढे वॉलेट उघडायचं झालं की यंत्र पुन्हा खेळ मांडतं, थोड्या ओळी तुमच्या, बऱ्याचशा परक्या. तुमच्या ओळींवर हात लवकर पडला की ते तुम्हाला ओळखतं. गळ्यावर सुरी ठेवली तरी तुम्हाला ती चावी सांगता येत नाही, कारण तुम्हालाच ती ठाऊक नसते.

माझ्या वर्गात हे सगळ्यांना पटतं. मग मी बाकीचं सांगते. सगळे कॉइन खरेदी-विक्रीच्या बाजारातल्या खात्यात ठेवू नका, दुसऱ्याच्या कपाटातला दागिना आपला नव्हे. मोठी रक्कम पाठवण्याआधी चिमूटभर पाठवून बघा, पोचली का ते फोन करून विचारा. घाई करणारा माणूस चोर समजा, मग तो बँकेतून बोलत असो नाही तर दिल्लीतून. आणि घरात दुसऱ्या कुणाची तरी चावी असू द्या, कारण आपण गेलो तर आपला हातही आपल्याबरोबर जातो. एवढं सांगितलं की पूर्वी मी वर्ग संपवायची. आता आणखी एक गोष्ट सांगते, ती आमच्या घरची आहे.

माझे वडील शांतिनाथ उपाध्ये, मिरजेतले तबल्याचे गुरुजी. मी त्यांना आण्णा म्हणायची. सकाळी जैन बस्तीत, म्हणजे देवळात, पूजेला वाजवायचे आणि दिवसभर घराच्या पुढच्या खोलीत शिकवायचे. पडद्यावरून शिकणारी पोरं-पोरी नॉर्वेपासून ब्राझीलपर्यंत पसरलेली. बँकेतून पैसे पाठवायचे तर अर्धी फी वाटेतच कापली जायची, म्हणून त्या पोरांनी कॉइन पाठवायला सुरुवात केली. आण्णांनी ते खर्च केले नाहीत. घर होतं, गरजा कमी होत्या, आणि दिवस मावळायच्या आत जेवून मोकळा होणारा माणूस उधळून उधळून किती उधळणार? उतारवयाची सोय म्हणून ते साठत गेले. मीच त्यांना वॉलेट काढून दिलं, मीच हातचावी करायला लावली, आणि आईचीही करायला लावली. तिसरी चावी माझी असू दे असं म्हटलं तेव्हा आण्णा म्हणाले, "आधी तुझ्या आईला नीट येऊ दे, मग बघू." ते मग राहूनच गेलं.

आण्णांना मेंदूचा जो आजार झाला त्यात दोन्ही बाजूंनी मार बसतो. एकीकडे विसरणं, दुसरीकडे हाताला कंप. आधी शिष्यांची नावं गेली, मग माझं. आईला ते "बाई" म्हणू लागले, परक्या बाईला म्हणतात तसं, अदबीनं. हात असे थरथरायचे की पाण्याचा तांब्या दोघांनी धरावा लागे. पाटीवर त्यांची चावी लागेनाशी झाली. जगातला कुठलाही ठेका ज्या बोटांना जड नव्हता, त्यांना सहा बटणं जमेनात. तबल्याची जोडी आईने खोळीत घालून वर ठेवून दिली, कारण ती दिसली की ते हात पुढे करायचे आणि मग स्वतःच्या हातांकडे बघत बसायचे. ते बघणं मला सहन व्हायचं नाही.

आता सगळी मदार आईच्या चावीवर होती. दिवसा एक आणि रात्री एक अशी दोन माणसं आण्णांसाठी ठेवायची होती, औषधं होती. कॉइन निघाले तर हे सगळं घरात बसून होणार होतं. नाही निघाले तर घर विकायचं. गिऱ्हाईक तयारच होतं. पण डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "यांना या घरातून हलवू नका. भिंतीला हात लावून लावून ते न्हाणीघरापर्यंत जातात, ती भिंत गेली तर ते अंथरुणालाच खिळतील." म्हणजे प्रश्न आण्णांच्या भिंतीचा होता.

पूर्वी चावी घरीच पाटीवर चालायची. पण घरात कोंडून, दमदाटी करून लोकांकडून वॉलेट उघडून घेण्याचे प्रकार झाले, तेव्हा नियम बदलला. पैसे काढायचे तर हातचावीच्या केंद्रावर यायचं, बंद शांत खोलीत एकट्याने बसायचं. मिरजेतलं केंद्र मार्केटच्या मागे आहे. ते चालवतो इरफान शिकलगार. त्याचं घराणं तंबोरे करणारं. हा एकटाच यंत्रांकडे वळला. आण्णांना तो लहानपणापासून ओळखायचा.

आई इरकली नेसून, केसांत अबोली माळून केंद्रावर आली. जणू कुणाच्या बारशाला आलीय. आत गेली, काचेपलीकडे खुर्चीत बसली, पाटी मांडीवर घेतली. मी बाहेर. थोड्या वेळाने इरफान पडद्यावरून मान वर करून म्हणाला, "ताई, काकूंचा हात ओळखीचा येईना झालाय."

"घाबरली असेल. पुन्हा घे."

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. वर्षात तीन वेळा हात हुकला की वॉलेटला पाच वर्षांचं कुलूप. हा नियम चोरांसाठी केलेला आहे, पण चोर आणि म्हातारी यांत यंत्राला काय फरक? आण्णांकडे पाच वर्षं नव्हती. इरफानने यंत्र बंद केलं आणि चहा मागवला. आई बाहेर येऊन बाकावर बसली आणि स्वतःच्या बोटांकडे रागाने बघू लागली.

"मला येतंय गं ते," ती म्हणाली. "घरी येत होतं की."

घरी आल्यावर मी तिला समोर बसवलं. मी वर्गात विचारते तसं एकेक विचारत गेले.

"महिन्याची उजळणी कशी करायचीस?"

"कशी म्हणजे? हितंच बसायचं, पाटी घ्यायची, दाबत राहायचं."

"एकटी?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आण्णा असायचे की."

"कुठं?"

"मागं. पाठीला पाठ लावून. तूच सांगितलं होतंस न्हवं, चावी करताना दुसऱ्यानं बघायचं न्हाई? एकदा पण बघितलं न्हाई त्यांनी. भिंतीकडं तोंड करून बसायचे."

"आणि काय करायचे?"

"मोजायचे. माझं बोट अडखळलं की जरा सावकाश मोजायचे. ओळ सरली की म्हणायचे, हां. मग मी पुढची घ्यायची."

मी कपाळाला हात लावला. "पहिल्यापासून? चावी बसवताना पण?"

"पहिल्या दिवसापासनं," आई म्हणाली, आणि तिच्या तोंडावर मला न पटणारा एक अभिमान आला.

आता सगळं लक्षात आलं. हात जे शिकतो ते एकटं शिकत नाही, आजूबाजूचं घेऊन शिकतो. शिकताना रोज एखादा आवाज कानावर असला तर मेंदू त्या आवाजालाही क्रमाला बांधून टाकतो. आईचा हात त्या "हां"वर निघायला शिकला होता. केंद्रावरच्या शांत खोलीत तो "हां"ची वाट बघत राहायचा, तोवर पुढच्या ओळीचे दिवे येऊन निघून जायचे, आणि तिच्या ओळी आणि परक्या ओळी यांत काही फरकच उरायचा नाही. तबलजीच्या घरातच ही चूक व्हावी. दुसऱ्या कुणा नवऱ्याने एक तर चोरून पडद्याकडे बघितलं असतं, नाही तर बाहेर जाऊन पेपर वाचला असता. आण्णांनी डोळ्यांचा नियम काटेकोर पाळला. पण शेजारी कुणी हात चालवतंय आणि आपण लय धरायची नाही, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

मी चिडले. "आई, मी शंभर वेळा सांगितलं होतं, चावी एकटीनं करायची म्हणून."

"तुला काय ठाऊक," ती शांतपणे म्हणाली. "सगळ्या जगाला शिकवलं त्यांनी. गोऱ्या पोरींना शिकवलं. मला कधी समोर बसवलं न्हाई. मी पण म्हटलं न्हाई, माझ्या मागं चुलीचं रगाडं होतं. एवढंच काय ते शिकवलं मला त्यांनी. मी नको म्हणू व्हय?"

मी उठून आण्णांच्या खोलीत गेले. ते भिंतीवरच्या उन्हाच्या पट्ट्याकडे बघत होते.

मग मी माझ्या धंद्याला साजेसा उपाय काढला. आण्णांचे धडे हजारो तासांचे, सगळे जगासमोर उघडे पडलेले. त्यावरून त्यांचा आवाज बनवायला मला एक दुपार पुरली. घरी सरावाची जुनी पाटी होती, वॉलेटला न जोडलेली. तिच्यावर आईचा क्रम चालवता येत होता. मी आईला बसवलं, तिच्या पाठीमागे स्पीकर ठेवला आणि आवाज सुरू केला. एक, दोन, तीन, चार. हुबेहूब आण्णा, निरोगी, दहा वर्षांपूर्वीचे. आईने दचकून मागे बघितलं. मग डोळे पुसून पाटी घेतली. दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसरीत बोट घसरलं, चौथीत ती मागे पडली, आणि आवाज आपल्या चालीने पुढे निघून गेला.

"बंद कर ते," ती म्हणाली. "आवाज त्यांचाच हाय. पण हा माझ्यासाठी थांबत न्हाई."

मी बंद केलं. ती म्हणत होती ते शास्त्राच्याही हिशोबात खरं होतं. आण्णा नुसते मोजत नसत, तिच्या हाताकडे कान लावून मोजत. ती अडली की तेही अडायचे. अडखळणाऱ्याला सांभाळत समेवर आणायचं हे त्यांनी जन्मभर केलं होतं, गाणाऱ्यांच्या शेजारी बसून. पण मला दुसरीच भीती वाटू लागली. मी बनवलेला आवाज कच्चा होता, एका दुपारचा. उद्या एखादा चोर थांबणारा आवाज बनवेल आणि आईला फसवून तिच्याच हाताने वॉलेट उघडून घेईल. आईची चावी म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली दारातच टांगलेली. ती बदलायलाच हवी होती, आणि बदलायची तर आधी एकदा उघडायला हवी होती.

"आण्णांनाच नेऊ या," आई म्हणाली.

इरफानने नियम काढून बघितले. वॉलेट दोघांच्या नावाचं, दोघांच्या चाव्या नोंदलेल्या, त्यामुळे दोघं आत बसू शकत होते. "तुम्ही मात्र बाहेर, ताई," तो म्हणाला. आत कुणी धमकावत नाही ना हे कळावं म्हणून खोलीतला आवाज त्याच्या टेबलावरच्या स्पीकरमधून ऐकू येतो. मी त्या टेबलाशी, काचेसमोर, खुर्ची ओढून बसले.

दुपारची वेळ मुद्दाम घेतली होती, म्हणजे दिवस मावळायच्या आत आण्णांचं जेवण होईल. आई आणि इरफानने धरून त्यांना आत नेलं. खुर्चीत बसल्यावर ते छताच्या दिव्याकडे बघत राहिले, हात मांडीवर थरथरत. आईने पाटी घेतली. आधी काही ओळी हात मोकळा करायला मिळतात, त्या परीक्षेत धरत नाहीत. तिने त्या सुरू केल्या.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मोजा की."

आईची बोटं पडत होती, चुकत होती. एक ओळ गेली, दुसरी गेली. "अहो, तुम्ही मोजायचा न्हवं? मी पाटी घेतलीय." ते छताकडेच बघत होते. इरफानने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. आईने खऱ्या परीक्षेचं बटण अजून दाबलं नव्हतं. तिने त्यावर बोट ठेवलं, उचललं. मग पुन्हा हात मोकळा करायच्या ओळी मागितल्या आणि वेड्यासारखी दाबत सुटली. बटणांचा नुसता खडखडाट.

आण्णांनी मान वळवली. भुवया आक्रसल्या. आमच्या पुढच्या खोलीत बेताल पोराला बघून जशा व्हायच्या, तशाच.

"बाई," ते म्हणाले. आवाज बसका होता, पण त्यात गुरुजी होते. "घाई करालाय तुम्ही. कुणी बसवलं हे?"

आईची बोटं थांबली. "तुम्हीच की."

"मी असं न्हाई बसवत." त्यांनी खुर्चीचे हात धरले आणि धडपडत खुर्ची फिरवायला लागले. आईने उठून मदत केली. भिंतीकडे तोंड झाल्यावर ते स्वस्थ बसले. "हां. घ्या आता पहिल्यापासनं. मी बघत न्हाई."

आईने परीक्षेचं बटण दाबलं.

एक, दोन, तीन, चार. थरथरत्या शरीरातून तो आवाज सरळ निघत होता. आई अडली तिथे ते आकडा लांबवायचे, ती सावरली की पुढे व्हायचे, आणि ओळ संपली की म्हणायचे, हां. मी स्पीकरला कान लावून बसले होते आणि माझ्या लक्षात आलं की मी माझ्या आई-बापाचं असं काहीतरी ऐकतेय, जे मुलांनी ऐकायचं नसतं. इरफानच्या पडद्यावर आईच्या ओळी आणि परक्या ओळी एकमेकींपासून वेगळ्या होत गेल्या. मग हिरवी खूण आली. तो टेबलावर हात टेकून म्हणाला, "ओळखला हात."

आत आईने पाटी खाली ठेवली. आण्णा भिंतीकडेच बघत होते.

"आता जमालंय तुम्हाला," ते म्हणाले. "हात चांगला हाय. घरी रियाज पाहिजे पण. तुमच्या मालकांना सांगा, हिला रोज थोडा येळ देत जा म्हणावं."

"सांगते," आई म्हणाली.

त्यानंतर ते तिला पुन्हा काही म्हणाले नाहीत. घरी येऊन मऊ भात जेवले आणि झोपले.

वॉलेट उघडलं तेव्हाच पुढची पायरी ठरलेली होती. आण्णांच्या देखभालीला लागणारी रक्कम वेगळी काढली आणि बाकीची नव्या चावीखाली हलवायची ठरली. ती चावी आईने केंद्रावर येऊन शांत खोलीत, एकटीने शिकायची होती. इरफानने तिला आधीच सांगितलं, लपवलं नाही. "काकू, नवीन बसलं की जुनं जाणार. दोन्ही त्याच बोटांत, त्याच जागेत. या वयात हाताला दोन क्रम पेलत नाहीत."

"जुनं सगळं जातंय?"

"सगळं."

आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आई." ती थोडा वेळ हात उलटेसुलटे करून बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांची भिंत राहतेय न्हवं? मग घे."

रोज ती बसने एकटी केंद्रावर जायची. बैठका चालल्या होत्या, हात शिकत होता. तरी इरफान एका गोष्टीपाशी अडला आणि त्याने मला फोन करून बोलावलं. पडद्यावर आलेख दाखवला. "हे बघा. प्रत्येक ओळीच्या शेवटी काकू थांबतात. ओळ सरली की लगेच पुढची यायला पाहिजे, तर या अर्धा श्वास थांबतात. मी सांगून बघितलं. त्या म्हणतात, मी थांबत न्हाई."

त्याने सरावाच्या परक्या ओळी लावल्या आणि मी आत गेले. आईच्या शेजारी उभं राहून बघितलं. तिची बोटं ओळ पुरी करायची, थांबायची, किंचित मान हलायची, मग पुढची ओळ. मी तिला म्हटलं, न थांबता करून बघ. तिने प्रयत्न केला. ओठ मिटून, कपाळाला आठ्या घालून प्रयत्न केला. दोन ओळी धावत गेल्या, तिसरीला पुन्हा थांबली. तिला खरंच कळत नव्हतं. जे हाताला येतं आणि तोंडाला येत नाही, असं मीच लोकांना सांगत आले होते.

बाहेर येऊन मी इरफानला म्हणाले, "राहू दे ते थांबणं. तसंच बसव."

"ताई, वर्गात तुम्हीच सांगता, चावीत दुसरं माणूस नको."

"माणूस कुठं आहे तिथं?" मी म्हणाले. "कुणी नाहीये तिथं, इरफान. नुसतं थांबणं आहे."

त्याने यंत्राला तसं सांगितलं. ओळीनंतरचं थांबणंही चावीचाच भाग धरायचं. दोन दिवसांनी तो म्हणाला की हे फार चांगलं झालं, कारण दिव्यांचा क्रम कुणी यंत्राने ओढून काढलाच, तरी नेमकं एवढं आणि असं थांबणं कुणाला साधायचं नाही. माझ्या मिरजेच्या केंद्रातली सगळ्यात पक्की चावी काकूंची, असं तो अजूनही सांगतो.

नवी चावी नोंदली त्या दिवशी आईने जाता जाता त्याला विचारलं, "जुनं एकदा बघायचं का? राहिलंय का थोडं?" त्याने सरावाच्या पाटीवर जुना क्रम लावला. आईने वाजवला. आलेखावर तिच्या ओळी आणि परक्या ओळी एकमेकींत मिसळून सरळ गेल्या, कुठली कुठली ते कळेना.

"गेलं, काकू," इरफान म्हणाला.

"बरं," आई म्हणाली. तिने चष्मा पिशवीत ठेवला आणि चप्पल घातली. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून रडली, आणि मी तिला रडू दिलं.

आण्णा त्यांच्या घरात, त्यांच्या भिंतीशेजारी राहिले. दिवाळीच्या आधी गेले, सकाळी, बस्तीतल्या पूजेची घंटा वाजायच्या सुमारास. शेवटचे काही आठवडे ते अजिबात बोलत नव्हते. आई त्यांच्या खाटेशी बसून मांडीवर बोटं चालवायची, नवा क्रम. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. तो त्यांनी बसवलेला नव्हता.

आता माझी तिसरी चावी झाली आहे. वर्गात मी नव्या लोकांना सगळं सांगते आणि शेवटी हे सांगते: पैसे ठेवण्याआधी घरातल्या प्रत्येकाने आपली चावी एकट्याने, शांत खोलीत, दुसरं कुणी नसताना एकदा उघडून बघा. नवरा-बायकोंनी तर नक्कीच. जी चावी दोघं असतानाच लागते ती कधी तरी लागायची नाही. लोक लिहून घेतात. काही जण हसतात, आम्ही कुठं एवढं एकमेकांच्या मागं बसतोय म्हणतात. मी वर्ग संपवते.

महिन्याच्या सुरुवातीला आई खर्चाचे पैसे काढायला केंद्रावर जाते आणि मी सोबत जाते. ती आत एकटी बसते. इरफानच्या टेबलावरच्या स्पीकरमधून बटणांचा आवाज येत राहतो. एक ओळ होते, मग ती थांबते, कुणी "हां" म्हणावं एवढंच. कुणी म्हणत नाही. आई पुढची ओळ घेते.